"फक्त सही कर, ताई": हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील जाऊन तीन महिने झाले. गावाकडे साडेसहा एकर जमीन आणि राहतं घर, दोन्ही वडिलोपार्जित. मागे आई, दोन भाऊ आणि प्रश्न विचारणारी बहीण. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, लग्नाला पंधरा वर्षं झाली. थोरला भाऊ म्हणतो, सोमवारी तालुक्याला ये, तुझी आणि आईची हक्कसोडाची सही झाली की सातबारा मोकळा होईल. नवरा म्हणतो, अजिबात करू नकोस. आई म्हणते, माहेर हवं असेल तर करून टाक. तिला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: कायद्याने माझा हक्क किती, आणि सही केली नाही तर नातं राहील का?

ताई, दिवाणी न्यायालयात वकिली करताना माझी निम्मी वर्षं याच प्रश्नात गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हक्क किती, ते आधी सांगते. तुमचा हिस्सा चौथा. वडील गेले त्या क्षणी वडील, आई, दोन भाऊ आणि तुम्ही अशा पाच जणांत वाटणी झाली असं कायदा धरून चालतो आणि वडिलांचा पाचवा हिस्सा उरलेल्या चौघांत सारखा वाटतो. गणित शेवटी प्रत्येकी एक चतुर्थांशावर येतं. आईचाही तेवढाच. तुमचं लग्न झालंय, लग्नात खर्च झालाय, तुम्हाला सरकारी पगार आहे, यातल्या कशानेही हा आकडा बदलत नाही. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क १९९४ सालीच दिला, पण कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो अडसर काढला. त्यानंतरही "वडील २००५ मध्ये हयात होते का" यावर पंधरा वर्षं वाद चालला आणि विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी तो मिटवला: हक्क जन्माने आहे, वडील कधी वारले याचा संबंध नाही. कुणी चावडीवर बसून "चौऱ्याण्णवच्या आधीच्या मुलींना नसतं हो" असं सांगत असेल, तर तो जुना कायदा सांगतोय. एक अपवाद बघून घ्या: २० डिसेंबर २००४ च्या आधी तुमच्या घरात रजिस्टर वाटणी किंवा कोर्टाचा हुकूमनामा झालेला आहे का. असेल तर ती वाटणी पुन्हा उघडत नाही.

हे सगळं हिंदू उत्तराधिकार कायद्याखालचं. तो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागतो. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत आणि अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू नाही. त्या भगिनींनी हे उत्तर जसंच्या तसं स्वतःला लावू नये.

आता दुसरा प्रश्न, जो खरा आहे.

आपल्याकडे बहिणीची सही ही तेराव्यानंतर उरलेला एखादा विधी असल्यासारखी मागितली जाते. दुःख ओलं असतं, घरात पाहुणे असतात, आई गप्प असते आणि कुणीतरी काका म्हणतात, "एकदाचं कागदाचं उरकून घ्या." दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मी हे पुष्कळदा पाहिलंय. बाकावर बहीण बसलेली, शेजारी भावजय, हातात नव्या साडीची पिशवी. कागद भावाच्या हातात. लेखनिक भावाशी बोलतो, साक्षीदार भावाचे मित्र, टोकन पुकारलं की भाऊ उठतो आणि मागून ती. "ताई, कॅमेऱ्याकडे बघा. अंगठा ठेवा. जरा दाबून. मजकूर कबूल आहे ना?" ती भावाकडे बघते आणि मान हलवते. पाचेक मिनिटांत उरकतं. बाहेर येऊन सगळे मिळून जेवायला जातात.

या बायका अडाणी नसतात. निवडणुकीच्या कामावर मतदान यंत्राच्या सिलाचा नंबर तीन-तीनदा पडताळून पाहणाऱ्या शिक्षिका माझ्या पक्षकार आहेत. बँकेत दुसऱ्यांची कर्जप्रकरणं तपासणाऱ्याही आहेत. पण स्वतःच्या माहेरचा कागद वाचायला मागणं हा भावावरचा अविश्वास वाटतो, म्हणून त्या वाचत नाहीत. घराबाहेर वापरायची अक्कल घरात वापरली की बाई आगाऊ ठरते. माझ्या मते सगळी अडचण इथे आहे, कायद्यात फारशी नाही.

तेव्हा पहिलं काम: कागदाचा मसुदा मागवा. फोनवर फोटो काढून पाठवायला दोन मिनिटं लागतात. आणि त्याचं शीर्षक वाचा. कारण "वारस नोंदीला सही लागते" असं सांगून हक्कसोड करून घेणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे. वारस नोंद म्हणजे वडिलांच्या जागी सगळ्या वारसांची नावं लावणं. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन एका वारसानेही अर्ज केला तरी ती प्रक्रिया सुरू होते आणि त्यासाठी कुणीही काहीही सोडावं लागत नाही. हक्कसोडपत्र ही अगदी वेगळी गोष्ट. ते रजिस्टर करावं लागतं, नुसत्या नोटरीच्या शिक्क्याने स्थावर मिळकतीतला हक्क सुटत नाही, आणि जवळच्या नात्यात मुद्रांक नाममात्र असल्यामुळे लाखोंचा हिस्सा काहीशे रुपयांत हलतो. तिसरा कागद संमतीच्या वाटपाचा, तहसीलदारांपुढे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली होणारा. त्यात तुमच्या नावापुढे कुठला गट आणि किती क्षेत्र लिहिलंय ते बघा. रकाना रिकामा असेल तर शीर्षक वाटपाचं असूनही तुमच्या वाट्याला काहीच आलेलं नाही. चौथा, कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणं: "तुला सारखं यायला नको म्हणून". विक्रीचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र तर हक्कसोडापेक्षाही वाईट, कारण पुढचं काहीच तुमच्या डोळ्यांसमोर घडत नाही.

सातबारा उतरवून घ्याल तेव्हा फक्त नाव आहे का एवढंच पाहू नका, कुठे आहे ते पाहा. पूर्वी विधवा आणि मुलींची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे जमीन धारण करणाऱ्यांच्या रकान्यात, न लावता "इतर हक्क" या रकान्यात टाकायची पद्धत होती. कुठे थोरल्या भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि बाकीचे वारस कागदावर दिसतच नाहीत. दोन्ही दुरुस्त करून घेता येतं. आणि सातबारा हा मूळ मालकीचा दस्त नाही, ती महसुलाची नोंद आहे. त्यावरून नाव निघालं म्हणून हक्क गेला असं होत नाही. रजिस्टर हक्कसोडाने मात्र जातो.

नवऱ्याचा आणि आईचा सल्ला जरा बाजूला ठेवा आणि एक बघा: नाव राहू देणं आणि वाटणी मागणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वादात नेमकं हेच सगळे विसरतात. तुमचं नाव सातबाऱ्यावर लागलं, भाऊ पूर्वीसारखा कसत राहिला, तुम्ही कधी बांधावरही गेला नाहीत, तरी चालतं. कुणाचं काही मोडत नाही. "बहिणीने हिस्सा मागितला" असं गावभर होतं, तेव्हा पुष्कळदा तिने काही मागितलेलं नसतं, तिने फक्त सोडलेलं नसतं.

भावाची बाजूही सांगायला हवी, कारण ती नेहमी लबाडीची नसते. सामाईक सातबाऱ्यावर पीककर्ज काढायचं तर बँक सगळ्या सहधारकांची संमती मागते. विहीर, ठिबक, अनुदान, प्रत्येक वेळी बहिणीला फोन. वडिलांच्या आजारपणाचा खर्च त्याने केला असेल, सोसायटीचं देणं त्याच्या डोक्यावर असेल. आणि हेही लक्षात घ्या की हक्काबरोबर देणीही येतात. कायद्याने मुलीला मुलासारखा हिस्सा दिला, तशी जबाबदारीही दिली. कोरडवाहू दोन एकरांवर भावाचं पोट असेल आणि बहिणीचा पगार दरमहा बँकेत जमा होत असेल, तर तिने हिस्सा सोडला म्हणून मी तिला कधी बोल लावलेला नाही. सोडणं हाही मालकाचाच अधिकार. फक्त तो निर्णय असावा. काय सोडतोय ते ठाऊक असावं, कुणाच्या नावाने सोडतोय ते ठरवलेलं असावं आणि सहीची तारीख दुसऱ्याने ठरवलेली नसावी.

भावाला भीती असते ती बहिणीच्या नवऱ्याची. "उद्या दाजी हिस्सा बाहेरच्याला विकतील." त्यावर कायद्यातच सोय आहे: एका वारसाला आपला हिस्सा विकायचा झाला तर तो घेण्याचा पहिला अधिकार सहवारसांचा असतो, आणि शेतजमिनीलाही हे लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. हे भावाला सांगा. मी स्वतः काही भावांना सांगितलंय, आणि चेहऱ्यावरचा ताण उतरलेला पाहिलाय.

तुम्ही काय गमावाल, त्यातली एक गोष्ट कुणी सांगणार नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला सहजी शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर नाव असणं हा शेतकरी असल्याचा सरळ पुरावा. नोकरदार बहीण हक्कसोड करते, आणि निवृत्तीनंतर आपल्या पैशाने अर्धा एकर घ्यायला निघते, तेव्हा शेतकरी दाखला कुठून आणायचा हा प्रश्न उभा राहतो. दुसरी गोष्ट भूसंपादनाची. आज ज्या माळरानाला कुणी विचारत नाही तिथून उद्या रस्ता जातो. मोबदल्याच्या नोटिसा आल्यावर आठवणाऱ्या बहिणी आणि विसरणारे भाऊ, असे दावे कोर्टात ढिगाने आहेत. हक्कसोड झालेलं असेल तर त्या वेळी तुम्हाला भाऊ देईल ते घ्यावं लागेल.

आता आईबद्दल, कारण तुम्ही प्रश्न स्वतःचा विचारलात, पण मला काळजी आईची वाटते.

सोमवारी आईचीही सही होणार आहे. तुमच्याकडे पगार आहे, पुढे निवृत्ती आहे, राहायला घर आहे. आईकडे या चौथ्या हिश्श्याशिवाय काय आहे? सही झाली की ती स्वतःच्या घरात मुलांच्या मर्जीवर राहणारी पाहुणी. मुलं चांगली असतील, असोत. पण सुना बदलतात, मुलं शहरात जातात, घर विकायला निघतं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात सोय आहे की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळलं नाही तर परत घेता येते. पण ती अट दाखवता यावी लागते. सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या प्रकरणात, २०२२ साली, सर्वोच्च न्यायालयापुढे नेमकं आईने मुलींना करून दिलेलं हक्कसोडपत्र होतं. त्यात सांभाळाची अट नव्हती, म्हणून या कायद्याखाली ते रद्द करायला न्यायालयाने नकार दिला. पुढच्या एका निकालात न्यायालयाने जरा उदार भूमिका घेतली आहे, पण आईचं म्हातारपण निकालांच्या भरवशावर कशाला ठेवायचं? माझं स्पष्ट मत: आईने हयातीत हक्कसोड करू नये. तिला मुलांना द्यायचं असेल तर मृत्युपत्र करावं. ते तिच्या मागे लागू होतं आणि मन बदललं तर बदलता येतं. एवढं करूनही सही करायचीच ठरली, तर तहहयात राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट कागदातच लिहून घ्या, तोंडी नको.

आणि तुमचं मन हिस्सा सोडण्याकडे झुकत असेल, तर तो आईच्या नावे सोडायचा का, याचाही विचार करा. भावांपुढे हा पर्याय ठेवला की त्यांचा हेतूही कळतो. "आईच्या नावे करते ना, मग झालं की" या वाक्याला कोण काय उत्तर देतं ते नीट ऐका.

नवरा "सही करू नको" म्हणतो. सल्ला बरोबर आहे, पण त्यालाही एक प्रश्न विचारा: उद्या हिश्श्याचे पैसे आले तर ते कुणाच्या नावावर जातील? माहेरचा हिस्सा विकून आलेल्या पैशातून सासरचा फ्लॅट, फ्लॅटवर नाव फक्त नवऱ्याचं, हे मी इतकं पाहिलंय की आता विचारल्याशिवाय राहवत नाही. सासरच्या घरात राहण्याचा हक्क कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने बायकोला आहे. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथे सामाईक संसार झाला असेल तर तो सांगता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात मान्य केलं. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. नाव असण्याने काय फरक पडतो याचा एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल या अभ्यासकांनी केरळमधल्या विवाहित स्त्रियांची पाहणी केली, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्यांच्यापैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. घर आणि जमीन दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. कुठे जायचं हे जिला ठाऊक असतं, तिच्यावर हात उचलताना विचार केला जातो.

स्वतःचं मृत्युपत्रही करून ठेवा, वय कितीही असो. विनामृत्युपत्र गेलेल्या बाईची मिळकत कुणाकडे जाते याचे नियम पुरुषापेक्षा वेगळे आहेत. मूल नसेल तर माहेरून आलेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे परत जाते, आणि स्वकमाईची, नवरा हयात नसला तरी, आधी सासरच्या वारसांकडे जाते, तुमच्या आईकडे नाही.

नातं राहील का, याची हमी कुणी वकील देऊ शकत नाही. पण "नाही" कसं म्हटलं जातं यावर पुष्कळ अवलंबून असतं. कोर्टाची भाषा काढू नका, नवऱ्याला बोलायला लावू नका, व्हॉट्सॲपवर लिहू नका. स्वतः जा, आईसमोर भावाजवळ बसा आणि म्हणा, "दादा, मी नाही म्हणत नाहीये. बाबांचं वर्षश्राद्ध होऊ दे. तोवर आपण सगळ्यांची नावं लावू, तू कसतोस तसा कस, कर्जाला माझी सही लागली तर मी रजा काढून येते." यात भावाचं आजचं कुठलंही काम अडत नाही. शेवटचं वाक्य मनापासून म्हणा आणि पाळा. एवढं ऐकूनही भाऊ तुटत असेल, भाऊबीज बंद करत असेल, तर ते नातं सहीच्या अटीवर होतं. ते वाईट वाटेल, वर्षं जातील, माझ्या काही पक्षकारांचं अजून जुळलेलं नाही. पण सही करूनही माहेर सुटलेल्या कमी नाहीत, कारण देण्यासारखं काही उरलं नाही की बोलावणीही विरळ होतात.

सोमवारी गेलाच नाहीत तर काही बिघडत नाही. हक्कसोडाला कायद्याने मुदत नसते. उलट तुमच्या पाठीमागे काही झालंय असं वाटलं तर मुदती तुम्हाला लागतात. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद, धरला की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. नोटीस बहुधा माहेरच्या पत्त्यावर जाते, म्हणून तलाठ्याकडे स्वतःचा आजचा पत्ता आणि मोबाइल नंबर लेखी देऊन पोच घ्या, आणि मधूनमधून ऑनलाइन सातबारा बघत जा. नोंद मंजूर झाली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील. फसवून किंवा दडपणाखाली रजिस्टर सही घेतली असेल तर ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो आणि फसवणूक सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर असतो, जो हलका नाही. वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पगारदार शिक्षिकेलाही मिळतो. हेल्पलाइन १५१००. जाताना तीन कागद न्या: वडिलांचा मृत्यूचा दाखला, चालू सातबारा आणि ८अ (खात्यावरच्या जमिनीचा उतारा), आणि जमीन वडिलांच्या नावावर कशी आली ते दाखवणारे जुने फेरफार. हे तिसरं सगळे विसरतात आणि मिळकत वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित हे त्याशिवाय ठरत नाही. आईलाही बरोबर न्या.